जोडीची घोडी

एका घोड्यावर नांगर चालत नाही, हे आयर्लंडातल्या मीथ परगण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जमीन वाटणाऱ्या खात्याला. खात्यानं पश्चिमेच्या खडकाळ किनाऱ्यावरची वीस-पंचवीस घरं मुळासकट उपटली, बसमध्ये घातली आणि देशाच्या दुसऱ्या अंगाला, लोण्यासारख्या मऊ मातीत आणून लावली. घरटी एक पक्क्या छपराचं घर, बावीस एकर रान, एक डुकरीण, एक नांगर आणि एक घोडा. बदल्यात अटी दोनच. रान कसायचं आणि घरात आयरिश बोलायची. इंग्रजांना घालवून स्वतःचं राज्य आलं होतं, आणि राज्याला स्वतःची बोली हवी होती. ती उरली होती किनाऱ्यावरच्या भुकेकंगाल लोकांच्या तोंडात. तेव्हा तोंडांसकट माणसं उचलून आणली.

त्यातल्याच एका घरच्या सोर्खाला या सगळ्याचं हसू येई आणि भीतीही वाटे. तिकडे तिच्या बापानं हयातभर दगड वेचले, समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून खडकावर माती तयार केली आणि त्या ओंजळभर मातीत बटाटे लावले. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं रानात फिरून दगड शोधले. एकही सापडला नाही. एवढं सुख कुणी उगाच देतं का, हा किडा तेव्हापासून तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

दुसरा घोडा मिळाला तो कुंपणापलीकडच्या फॅरेलीमुळे. या फॅरेलीचा धाकटा भाऊ वीस वर्षं याच रानात जुन्या मालकाची गुरं राखत होता. वाटणीत त्याला वीतभर तुकडा मिळाला नाही आणि तो इंग्लंडला कोळशाच्या खाणीत गेला. फॅरेलीनं शेजाऱ्यांचं तोंड पाहिलं नसतं तरी त्याला कुणी बोल लावला नसता. पण एप्रिलच्या एका सकाळी तो आपली तांबडी घोडी घेऊन फाटकात उभा राहिला. सोर्खाचा नवरा बार्टली एका घोड्याला नांगर जुंपून घामाघूम झालेला त्याला बघवला नसावा. चांगलं रान वाया जाताना पाहणं काही माणसांना सोसत नाही.

बोलणं झालं ते निम्मं हातवाऱ्यांनी. दोन दिवस घोडी, त्याबद्दल दोन दिवस बार्टलीनं गवत कापायला यायचं. बार्टलीनं घोड्यांना आयरिशमध्ये हाक घातली. घोडी हलली नाही. खात्याचा घोडाही हलला नाही, कारण तोही इथल्याच बाजारातला.

"त्यांच्याशी तरी इंग्रजी बोला," फॅरेली हसून म्हणाला. "त्यांना सरकारनं काही अट घातलेली नाही."

बार्टलीला निम्मं कळलं, तोही हसला. म्हातारा मार्कस, बार्टलीचा बाप, बांधावर काठी रोवून बसला होता. तो हसला नाही.

"जनावरसुद्धा इंग्रजाचं," तो पुटपुटला आणि थुंकला.

तीनपैकी दोन तुकडे नांगरून झाले. राहिला ओढ्याकाठचा तिसरा. तो सगळ्यात मोठा, आणि चाळीस वर्षं नांगर न लागल्यामुळे गवताची मुळं चटईसारखी गुंफलेली. जूनच्या अखेरीला खात्याचा साहेब पाहणीला यायचा होता. मागल्या वर्षी वस्तीतल्या एका घराचं रान पडीक दिसलं, तर त्या माणसाला परत किनाऱ्यावर पाठवून रान दुसऱ्याला दिलं होतं. त्याची बायको बसमध्ये चढताना मागं वळून बघत नव्हती, ते सोर्खाच्या डोळ्यांपुढून जात नसे. किनाऱ्यावर आता तिचं काही उरलं नव्हतं. झोपडी मोडली होती, होडी विकली होती. तिसरा तुकडा नांगरला म्हणजे आपण इथले, एवढंच तिला कळत होतं.

फॅरेली म्हणाला होता, मेच्या पहिल्या आठवड्यात घोडी आणतो.

आणि मेची पहिली तारीख उजाडली.

या दिवशी घरातून काही बाहेर जाऊ द्यायचं नसतं. ना विस्तव, ना मीठ, ना दूध. चुलीतली राखसुद्धा नाही. दिलं तर वर्षभराचं लोणी त्या भांड्यातून निघून जातं, गाय आटते, घराची बरकत सरते. किनाऱ्यावर त्या दिवशी कुणी कुणाच्या दारी मागायला जातच नसे. मागणारा एक तर चेटकीण, नाहीतर वैरी. सोर्खानं पहाटे उठून गाईच्या पाठीवर क्रूस काढला, उंबऱ्यावर पिवळी फुलं टाकली. लोण्याची रवी म्हाताऱ्यानं स्वतः दाराआड नेऊन ठेवली.

न्याहारीच्या वेळेला दारात फॅरेली उभा. हातात कॅन.

"आमची गाय आटली," तो म्हणाला. "आईच्या पोटात काही ठरत नाही. घोटभर दूध मिळालं तर."

 'दूध' आणि 'आई' हे शब्द सोर्खाला कळले. टेबलावर भरलेली घागर होती, साय धरलेली, दोघांनाही दिसत होती. म्हातारा मार्कस उठला आणि घागरीच्या पुढं जाऊन उभा राहिला. 

"बाबा, त्येची आई आजारी हाय," सोर्खा हळूच म्हणाली.

"मग काय झालं? आजचा दिवस जाऊ दे, उद्या घागर डोक्यावर घेऊन जा. आज थेंब गेला तर गाय गेली समज."

बार्टली रानात होता. सोर्खानं फॅरेलीकडे पाहिलं. तिच्या इंग्रजीची सगळी पुंजी वीस-पंचवीस शब्दांची. त्यातला 'उद्या' तिला सापडला.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या, खूप. आज नाही."

फॅरेलीनं घागरीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मानेवर लाली चढत गेली.

"घोडी दिली तेव्हा मी वार विचारला नव्हता," तो म्हणाला आणि वळला.

सोर्खाला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळायला शब्द लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती घागर घेऊन गेली. फॅरेलीच्या बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. सोर्खानं घागर दाराशी ठेवली. दुपारी ती स्वतःच्या फाटकात उलटी पडलेली मिळाली. दूध मातीत जिरलं होतं आणि मांजर ती जागा चाटत होतं.

घोडी आली नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. बार्टली दोनदा जाऊन आला, दोनदा कुत्रं अंगावर घेऊन परतला. वस्तीतल्या बाकी घरांचे घोडे आपापसात जोड्या करून कामाला जुंपलेले, कुणाकडे उसना देण्यासारखा नव्हता. ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर कुणीतरी चुन्यानं मोठी अक्षरं काढली. सोर्खानं आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, बाबीनला विचारलं, काय लिहिलंय गं?

"उपऱ्यांनो, परत जा," बाबीननं वाचलं.

"तुला इंग्रजी वाचता येतं व्हय?"

"विहिरीवरच्या पोरींनी शिकवलं," बाबीन म्हणाली, आणि आपण नको ते बोललो असं वाटून भराभर पुढं चालू लागली.

मग त्यांनी फावडी काढली. किनाऱ्यावरून आणलेली, लांब दांड्याची, अरुंद पात्याची. तिकडे अशा फावड्यांनी वाफे घालतात, तशी तिघांनी तिसऱ्या तुकड्याला सुरुवात केली. बार्टली पुढं, सोर्खा मागं, म्हातारा तिच्या मागं उलटलेली ढेकळं काठीनं ठोकत. गवताच्या मुळांत पातं अडकायचं, टाचेनं जोर द्यावा लागायचा. तिसऱ्या दिवशी सोर्खाच्या टाचेचं कातडं सोललं. तिनं चिंधी बांधली, चिंधी रक्तानं कडक झाली, ती भिजवून सोडवायची आणि पुन्हा बांधायची. दिवसभरात चार वाफे व्हायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबत. गडी कुंपणावर कोपरं टेकून बघत आणि आपसात काही म्हणून हसत. एकदा कुणी गाईला घालतात तशी हाळी घातली. बार्टलीनं मान वर केली नाही. त्याचे कान मात्र लाल झालेले सोर्खाला मागून दिसले.

कुंपणापलीकडे अधूनमधून फॅरेलीची म्हातारी आई दिसे. दुखण्यातून उठली होती. काळी शाल, हातात काठी. ती हसत नसे. उभी राही, तोंड किंचित उघडं ठेवून, काही ऐकत असल्यासारखी. सोर्खा आणि बार्टली बोलत असले की थांबे, गप्प झाले की निघून जाई.

"नजर लावतीया म्हातारी," मार्कस म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात वाफ्याच्या टोकाला, कुंपणाला लागून, गवताच्या घरट्यात सात अंडी मिळाली.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्याच्या रानात अंडी पुरून ठेवतात ती कशासाठी, हे किनाऱ्यावर पाळण्यातल्या पोरालाही माहीत. अंडी कुजतात तसं त्या घराचं नशीब कुजतं. "हात लावू नगं," तो ओरडला. फावड्यावरच अंडी उचलली, बांधावर काटक्या रचल्या, पवित्र पाणी शिंपडलं आणि जाळली. एकेक अंडं फट्‌कन फुटत होतं. सोर्खानं पाहिलं, तर कुंपणापलीकडे काळी शाल उभी होती. म्हातारीनं जाळ पाहिला, काठी टेकत वळली आणि पुन्हा काही कुंपणाशी आली नाही.

"बघितलंस? चोराच्या मनात चांदणं," मार्कस म्हणाला.

सोर्खाला त्या जाळानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अंडी पुरलेली नव्हती, गवत ताजं होतं, नीट रचलेलं होतं, हे तिच्या मनातून जाईना. ती ते कुणापाशी बोलली नाही.

मेच्या अखेरीला डब्लिनचा साहेब आला, ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच. तरुण, गोरटेला, कोटावर सोनेरी कडी लावलेली. ही कडी आयरिश येणारे लावतात. किनाऱ्यावर ती कुणी लावत नसे, तिथं न येणाराच कुणी नव्हता. साहेबाची आयरिश पुस्तकातून आलेली, कडक इस्त्रीची.

तिघांना फावड्यानं खणताना पाहून तो हरखला.

"वा! हीच आपल्या पूर्वजांची कृषिपद्धती," तो म्हणाला. "कृपया थांबू नका." त्यानं कॅमेरा काढला. सोर्खाला चिंधी बांधलेला पाय पुढं ठेवायला सांगितला. बार्टली फावड्यावर रेलून, डोळे जमिनीला लावून उभा राहिला. फोटोत तो मोठा धीरगंभीर आला असेल.

"साहेब," सोर्खा म्हणाली, "पद्धत कसली? घोडा एकच हाय. नांगराला दोन लागत्यात. अजून एक द्या, न्हाईतर हे रान व्हायचं न्हाई."

"घोडा हा विषय दुसऱ्या विभागाचा," साहेब म्हणाला आणि वहीत लिहिलं. "मी केवळ भाषा आणि मशागत पाहतो. हे क्षेत्र मात्र जूनअखेरीपर्यंत तयार व्हावं. आपण राष्ट्राचं बियाणं आहात, बाई. या जिल्ह्यातून आपली भाषा नामशेष झाली. ती इथे पुन्हा रुजवायची आहे."

"बियाणं पेरायचं तर आधी नांगरावं लागतं," म्हातारा म्हणाला. साहेबाला ते फार आवडलं. त्यानं तेही वहीत लिहून घेतलं.

जूनचा पहिला आठवडा संपला. बटाट्याची वेळ गेली, आता सलगम तरी लागावेत. अर्धा तुकडाही उलटला नव्हता. सोर्खानं रात्रीची भाकरी भाजायला ठेवली होती, बाहेर अजून लख्ख उजेड होता, आणि फाटकात फॅरेली उभा. टोपी हातात.

बार्टलीनं कोपऱ्यातलं फावडं घेतलं.

"भांडायला आलो नाही," फॅरेली म्हणाला. बाबीन मध्ये उभी राहून त्याचं बोलणं आयरिशमध्ये सांगू लागली, भराभर, एकही शब्द न अडता. सोर्खा लेकीकडे बघत राहिली. "आई चालली. दोन दिवस झाले, इंग्रजी बोलत नाही. तुमचं बोलते. तुमचंच असावं. काही मागते, आम्हाला कळत नाही. पाद्रीबाबांनाही कळत नाही." तो थांबला. "माझ्या आईला ते येतं, हे मला माहीत नव्हतं."

मार्कस म्हणाला, "जाऊ नगंस. म्हातारीचा डाव हाय." पण सोर्खानं शाल घेतली होती.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशीवर चिमूटभर चेहरा. सोर्खानं आयरिशमध्ये देवाचं नाव घेऊन नमस्कार केला, तशी तिनं मान वळवली.

"आली का वो बाई," म्हातारी म्हणाली. शब्द ओळखीचे, चाल वेगळी, जरा तिरकी, कडेला वळणारी. सोर्खानं अशी बोली कधी ऐकली नव्हती. ती इथली होती, या मातीची. साहेब म्हणाला होता ती मेली, आणि ती इथं कुंपणापलीकडे काठी टेकत उभी राहत होती. "ते अंडे काहून जाळले वो? पोट्ट्यांसाठी ठेवले होते. दुधाची लाज वाटली मले. पोरानं मले न विचारता मेच्या पहिल्या दिवशी दूध मागतलं. तू नाही दिलं, बरोबर केलं. माही आईबी देत नसे."

सोर्खा खाटेच्या कडेला बसली. काय सांगायचं? "एकच जाळलं, आजी," ती म्हणाली, "फुटकं होतं. बाकीची पोरांनी खाल्ली. गोड होती."

"खाल्ले?"

"सगळी खाल्ली."

म्हातारीचा चेहरा सैल पडला. मग तिनं सांगितलं, शाळेत आयरिश बोललं की मास्तर गळ्यात काठी बांधायचा, प्रत्येक शब्दाला एक खूण, संध्याकाळी खुणांइतके रट्टे. तिनं सात वर्षांची असताना तोंड बंद केलं ते केलंच. नवऱ्याशी नाही, पोरांशी नाही. गाईशी बोलायची, गोठ्यात, दार लावून. "तुमी कुंपणापाशी बोलत तं मले वाटे माही माय बोलून रायली."

"काय म्हणते?" फॅरेलीनं विचारलं. सोर्खाला त्याच्यासाठी वीस-पंचवीस शब्दच होते. ती म्हणाली, "दूध. तुमची चूक नाही. माझी नाही." तेवढं पुष्कळ झालं. तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले.

म्हातारीला मरणाची प्रार्थना हवी होती, तिच्या आईनं म्हटली होती ती. सोर्खानं आपली म्हटली. शब्द थोडे निराळे पडले. म्हातारी तिच्या मागोमाग आपल्या चालीनं म्हणत राहिली, आणि शेवटच्या ओळीला सोर्खाचा एकटीचा आवाज उरला.

अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी तांबडी घोडी फाटकात आली. फॅरेली आत आला नाही. त्यानं बाबीनला जवळ बोलावलं आणि तिला एकेक वाक्य देत गेला.

"म्हणतो, घोडी काम होईस्तोवर ठेवा. म्हणतो, नांगर तो स्वतः धरील," बाबीननं सांगितलं. "पण एक गोष्ट. त्याची आई शेवटी काय बोलत होती, ते कुणाला सांगायचं न्हाई. म्हणतो, इथं लोक त्याला तुमच्यातला म्हणतील."

सोर्खानं मान हलवली. फॅरेलीनं घोडी जुंपली.

नांगर लागला तसं रान भराभर उलटू लागलं. त्यांच्या महिन्याच्या खणण्याला दुपारपर्यंत त्यानं मागं टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठचे नांगराचे शेवटचे चार फेरे राहिले असताना साहेबाची मोटार पुन्हा ठरल्याआधीच फाटकाशी थांबली.

साहेब खूश झाला. तुकडा पाहिला, वहीत खूण केली. मग पेन्सिल तशीच हातात धरून म्हणाला, "एक विचारतो, बाई. या परिसरात मूळची बोली जाणणारं जुनं माणूस कुणी ऐकिवात आहे? एखादं तरी? त्यांचे चार शब्द जरी मिळाले तरी आयुष्याचं सार्थक होईल. आम्ही शोधून थकलो."

सोर्खानं समोर पाहिलं. फॅरेलीनं घोडी थांबवली होती. त्याला शब्द कळत नव्हते, पण तो नांगराची मूठ धरून तिच्या तोंडाकडे बघत होता. चार फेरे बाकी होते. म्हातारी तिच्या कानात अजून बोलत होती, जशीच्या तशी, त्या तिरक्या चालीत. साहेबाला एक वाक्य दिलं असतं तर तो पोरासारखा नाचला असता. आणि घोडी फाटकातून निघून गेली असती.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "इथं कुणी नव्हतं."

साहेबानं लिहून घेतलं. फॅरेलीनं दोर हलवला, घोडी चालू लागली. बाबीन नांगराच्या पुढून धावत गेली आणि वाटेतलं गवत बाजूला करत घोडीला काही ओरडून म्हणाली, इंग्रजीत. घोडीनं कान टवकारले आणि पावलं उचलली. मागून तिचा धाकटा भाऊ आला, त्यानंही तेच ओरडलं. दोघं हसली आणि आपसात बोलत लांब गेली. सोर्खानं कान देऊन ऐकलं. त्यातलं तिला काही कळलं नाही.

ती वाफ्याच्या कडेला खाली बसली. टाचेची चिंधी सुटली होती. आपण मरताना आयरिशमध्ये काही मागितलं, तर ते समजून घ्यायला या पोरांनी कुणाच्या फाटकात टोपी काढून उभं राहायचं, हे तिला विचारायचं होतं. पण ते विचारण्यासारखं माणूस चार दिवसांपूर्वी मातीत गेलं होतं. ओढ्याकाठचा शेवटचा फेरा पुरा होत आला, आणि म्हातारा मार्कस बांधावरून समाधानानं म्हणाला, "झालं गं पोरी. आता आपण इथले."